दोन धारांमधली रेघ

३ मार्च १९७८, ब्रिस्टल

डेस्मंडचा शोधनिबंध छापून आला. त्याच्या एकट्याच्या नावावर! चार हिवाळे त्या यंत्राशी मी झटले. काचेच्या पात्रात पॉलिमरचं द्रावण समोरासमोरच्या दोन नळ्यांतून सोडायचं. धारा भिडल्या की गुंडाळलेले रेणू ताणून सरळ होतात, आणि प्रकाश अडवणाऱ्या आडव्या-उभ्या ध्रुवकांमधल्या, म्हणजे पोलरॉइडच्या दोन पट्ट्यांमधल्या, काळोखात एक बारीक उजळ रेघ उमटते. ती पहिल्यांदा मला दिसली. निबंधात माझे आभार आहेत – 'मदतीबद्दल'.

४ मार्च

त्याला विचारलं. सँडविच खाता खाता म्हणाला, "हिलरी, रेघ दिसणं वेगळं, तिचा अर्थ लावणं वेगळं." दुपारी मला पहिल्या वर्षाचे वर्ग लावले आणि प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. विभागप्रमुख तोच. दाद कुणाकडे मागायची?

११ मार्च

सापडलं. ध्रुवकांमध्ये दाबाने ताणलेली काचही उजळते! पॉलिमर न घालता नुसतं द्रावक सोडून बघायचं राहिलंय. मी बघणार होते, पण त्याला छापायची घाई. मग ती रेघ रेणूंची की पात्राच्या काचेची? काचेचीच असणार. असूच दे! आत्ता बोलायचं नाही. लीड्सच्या परिषदेत बोलायचं, सगळ्यांदेखत.

२ एप्रिल

गप्प आहे. आज त्याला चहासुद्धा करून दिला.

१९ एप्रिल, लीड्स

भाषण झकास झालं त्याचं. टाळ्या थांबेपर्यंत थांबले, मग मागच्या रांगेतून उठले.

"नुसतं द्रावक सोडून पाहिलं होतंत का?"

तो पाण्याचा पेला चाचपू लागला. "तसं... वेगळं नाही पाहिलं."

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बस्स, तेवढंच हवं होतं. परतीच्या गाडीत तो दुसऱ्या डब्यात जाऊन बसला. मी मांस भरलेली गार पेस्टी चवीने खाल्ली.

८ मे

डेस्मंडने निबंध मागे घेतला. यंत्राचं तोंडही बघवत नाही म्हणतो. किल्ली माझ्याकडे आली.

१६ मे

नुसतं द्रावक सोडलं. काळोख. दाब वाढवत नेला – काळोखच. पॉलिमर घातलं आणि रेघ उमटली, सुईसारखी लख्ख.

काचेत काही नाही. त्याचं बरोबर होतं.

बराच वेळ पंप बंद करायचंही सुचलं नाही.

१७ मे

तो दारात उभा होता. पार उतरलाय. म्हणाला, "विचारलंस ते बरं केलंस. नाहीतर खोटं तसंच राहिलं असतं माझ्या नावावर." मग हळूच, "द्रावक सोडून पाहिलंस का गं?"

"अजून नाही," मी म्हणाले.

२२ मे

रेघेवरचा नवा निबंध, द्रावकाच्या चाचणीसकट, टपालात टाकला. माझ्या एकटीच्या नावाने.