अप्पांच्या तोंडचं वाक्य

प्रिय धाकट्या,

काल फोनवर तू माझी समजूत काढत होतास आणि मी नुसती हूं हूं करत होते. सांगायला तीनदा तोंड उघडलं, तीनही वेळा तू म्हणालास, "ताई, तू दमली आहेस, जरा पड." म्हणून आता वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून, मांडीवर अप्पांच्या एक्स-रेचं पाकीट आणि त्यावर वही ठेवून लिहिते आहे. झालं की फोटो काढून पाठवीन. आपली अक्षरं वाचायची तुझी सवय मोडली असेल, तर सावकाश वाच. पण बायकोला काही सांगण्याआधी एकट्याने शेवटपर्यंत वाच.

अप्पा माझ्या वर्गात यायला लागले तेव्हा तू पोट धरून हसला होतास. जन्मभर लेथवर लोखंड कातलेला माणूस चौऱ्याहत्तराव्या वर्षी इथली भाषा शिकणार! त्यांना कारण होतं, तुझ्या बायको-लेकीला हीच एक भाषा येते. तुझी लेक फोनवर काहीतरी लांबलचक सांगायची आणि अप्पा फोनकडे बघून नुसती मान डोलवायचे, जसं काही तिला दिसतंच आहे. एका शनिवारी सकाळी ते दाढी करून माझ्याही आधी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जाऊन बसले.

माझी शिकवायची रीत तू कधी विचारली नाहीस, आज ऐकून घे. पाच जण, सगळे आपलीच भाषा बोलणारे, गोल करून बसतात. पुस्तक नाही, धडा नाही. मी त्यांच्या खुर्च्यांमागे उभी असते. ज्याला जे बोलावंसं वाटेल ते त्याने मान मागे करून मला आपल्या भाषेत हळूच सांगायचं. मी तेच इथल्या भाषेत त्याच्या कानात सांगते. मग तो हातातल्या रेकॉर्डरचं बटण दाबतो आणि ते वाक्य स्वतःच्या आवाजात बाकीच्यांना ऐकवतो. शेवटी सगळं लावून ऐकतो आम्ही. त्यात माझा आवाज कुठेच नसतो, ते पाच जणच आपसात बोलत असतात. त्या पाचातला बेकरीवाला पहिल्यांदा ते ऐकून ढसाढसा रडला होता. मग मी विचारते, कसं वाटलं, आणि जे सांगतील ते फक्त समजून घेते. सल्ला नाही, चुका काढणं नाही. ज्या बाईंनी मला हे शिकवलं त्यांचा एकच दंडक होता: खुर्चीमागे उभं राहताना स्वतःचं मत घरी ठेवून यायचं.

अप्पांनी पहिल्याच दिवशी खिशातला टेप काढून गोल मोजला आणि एक खुर्ची चार बोटं बाहेर आहे असं जाहीर केलं. वर्गात मला बाई म्हणायचे, अहो-जाहो करायचे. घरात पाऊल टाकलं की "अगं, चहा टाक." पण सात वर्षं माझ्याकडे राहून जे बोलले नाहीत ते तिथे बोलायला लागले. लिफ्टमध्ये त्यांना धस्स होतं, आई गेल्यापासून रविवार नकोसा वाटतो, हे मला खुर्चीमागे उभं राहून कळलं. परक्या भाषेत लाज वाटत नाही, असं ते वर्गातल्या, पाळणाघरात काम करणाऱ्या बाईंना सांगत होते. मला अभिमान वाटायचा. आणि लिहूनच टाकते, मला ते लागायचंही.

दोन महिन्यांपूर्वीचा शनिवार. फोनवर कोणाला काय सांगावंसं वाटतं, असं बोलणं चाललं होतं. अप्पांनी मान मागे केली. त्यांना तुझ्या बायकोला काही सांगायचं होतं. तीन वाक्यं होती, मी तिन्ही नीट ऐकली. आणि धाकट्या, मला तुमचा मत्सर वाटला. सात वर्षं त्यांची नखं मी कापते, दवाखाने मी करते, रोज सकाळी कसं वाटतंय विचारते, त्यावर "ठीक" एवढंच. आणि मनातलं मात्र तुमच्यासाठी राखून ठेवलेलं! अर्धा क्षण गेला असेल. मी त्यांच्या कानात सांगितलं, "मी ठीक आहे, तुम्ही सवडीने या."

त्यांना शंकाही आली नाही. बटण दाबून त्यांनी ते खणखणीत म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आठवडाभर दाढीच्या आरशासमोर घोकलं. रविवारी सूनबाईंना ऐकवलं. तूही किती खूश झालास! आणि काढलेली तिकिटं पुढे ढकललीस, अप्पाच म्हणतायत म्हणून. पुढच्या शनिवारी निस्तरते, असं मी स्वतःला बजावलं. मग त्याच्या पुढच्या. पण निस्तरायचं तर त्यांना सांगावं लागलं असतं की बाई खोटं बोलल्या. तुझ्या नोकरीची काळजी होती म्हणून केलं, असं मी कोणालाही सांगू शकले असते. तुला नाही सांगणार.

नऊ दिवसांपूर्वी मेंदूच्या झटक्याने त्यांची वाचा गेली. सगळी आपली भाषा पुसली गेली आणि तेवढं एक वाक्य राहिलं. डॉक्टर म्हणतात, घोकलेलं कधीकधी असं उरतं. सुई टोचली तरी तेच, तहान लागली तरी तेच, मला बघून तेच. नर्सना त्यांचं फार कौतुक. रोज कागदावर लिहितात, रुग्णाची तक्रार नाही. मंगळवारी मी त्यांच्या उशामागे उभी राहिले, वर्गात राहते तशी, आणि त्यांची खरी वाक्यं कानात सांगितली. इथल्या भाषेत, मग आपल्या. त्यांना कळलं रे. माझं मनगट घट्ट धरलं, हनुवटी थरथरली, कपाळावर घाम आला, आणि तोंडातून आलं ते माझंच वाक्य. पुन्हा तेच. मीच थांबवलं त्यांना. दुसरं काही करता येत नाही मला, शिकवण्याशिवाय काही येतच नाही.

काल त्यांच्या कानाला फोन लावला तेव्हा तुलाही त्यांनी तेच ऐकवलं. तू म्हणालास, "बघ, ते स्वतःच म्हणतायत सवडीने या, मी वीस तारखेला निघतो." वीस तारीख अजून दोन आठवडे दूर आहे, आणि डॉक्टर फक्त या आठवड्याबद्दल बोलतात, पुढचं विचारलं की फाइल चाळत बसतात. आपल्या भाषेत कुजबुजताना रेकॉर्डर बंद असतो, त्यामुळे अप्पा जे म्हणाले ते माझ्या कानाखेरीज कुठेही नाही. आता एकही शब्द न बदलता देते आहे: "सूनबाई, मला फार भीती वाटते. त्याला लवकर पाठव. त्याच्या लग्नाला मी आलो नाही, चुकलं माझं, ते मला त्याला समोर बसवून सांगायचंय."

तुझीच,
ताई