अब्बांचा झाडावरचा पट्टा

शारजा, शुक्रवार, मगरिबनंतर

कंबर सोडून सगळा पट्टा शिवून झाला. गावी भातात रानडुकरं घुसतात, म्हणून अब्बा परवान्याची बंदूक घेऊन झाडावर बसतात. या वयात, नुसत्या फांदीवर! खोडाला अडकवून त्यात बिनघोर बसता येईल असा पट्टा मी कार्गोचं सामान बांधायच्या बेल्टचा शिवतेय. लेक विचारते, “अम्मी, इज इट फॉर अ हॉर्स?” पण कमरेचं माप? विचारलं तर अब्बा फोनवर उखडलेच. “मी काय लहान पोर आहे गो? नको मला.” हट्टी माणूस! मी तरी कोणाची मुलगी?

आज शेजारीण गावाहून आली. अब्बांनी तिच्याबरोबर आंबापोळी पाठवली होती, सुतळीचे वेढे घालून. पोचली म्हणून सांगायला फोन केला, तर घाईघाईने म्हणाले, “सुतळी टाकू नको गो. माझी कंबर आहे ती.”