सिमेंटच्या आतली भिंत

तोमे, २ जून

प्रिय फिनो,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील आणि तिकडच्या ओल्या हवेतही तुझा खोकला आटोक्यात असेल, असं धरून चालते. आम्ही सगळे बरे आहोत. मारिसेला नऊची झाली. तिच्या जिभेला हाड नाही, अगदी मामावर गेली आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी बाबांचं नाव काढलं की तुला लगेच कुठेतरी जायचं असतं. पत्र मात्र एकदा उघडलंस की तू शेवटपर्यंत वाचतोस. म्हणून आधी इकडच्या बातम्या. यंदा पाटाला पाणी चांगलं आहे, मिरचीची रोपं तरारली आहेत. शेजारच्या फाकुंदोने पुन्हा नवी गाडी घेतली आणि पुन्हा त्याच झाडावर घातली. झाड ठीक आहे.

आता बाबा. मी पुएब्लोहून त्यांना आमच्या घरी न्यायला आले होते. चार दिवसांसाठी नाही, कायमचं. तुला कळवलं नाही, कारण मग उत्तरेकडच्या भिंतीचंही सांगावं लागलं असतं. हिवाळ्यात ती खालून फुगली आणि आईच्या खोलीचा कोपरा बसला. मला फोनवर मात्र सगळं झकास म्हणून सांगायचं, आणि म्हातारा स्वयंपाकघरात खाट टाकून झोपत होता. घर तपासायला आलेला माणूस म्हणाला, यात राहू नका, पाडून टाका. बाबांनी ते इतकं मुकाट्याने ऐकलं की मलाच भीती वाटली. मी खोकी भरायला घेतली.

शनिवारी निघालो. मारिसेलाला मळमळायला लागलं म्हणून लास व्हेगासला थांबलो. आपल्या लास व्हेगासला, जुगाराच्या नव्हे. हॉटेलात कशाला पैसे घालायचे, असं बाबांचं नेहमीचं झालं, मग चौकातल्या बाकावर बसून घरच्या तोर्तिया आणि बटाटे खाल्ले. पाय मोकळे करायला मागच्या गल्लीत वळलो, तर तिथल्या मातीच्या लहानशा चर्चच्या डागडुजीला निम्मं गाव लागलेलं. पुरुष भुसा घातलेली माती तुडवत होते, बायका ती हातांनी भिंतीला लिंपत होत्या. एका बाजूने जुनं सिमेंट तारेच्या जाळीसकट सोलून काढायचं चाललं होतं.

बाबा तिथेच थबकले. मी उशीर होतोय म्हणून दोनदा सांगितलं, पण ते हलेनात.

तुमचं कशावरून बिनसलं ते मी विसरलेले नाही. आईच्या मर्तिकाला आलेल्या चार लोकांत तू त्यांना म्हणालास की तुम्ही मातीच्या भिंतींवर सिमेंट थापून ओल आत कोंडलीत आणि हे घर आतून कुजवलंत. मातीची घरं हे तुझंच काम, खोटं बोलला नाहीस, पण तो दिवस ते बोलायचा नव्हता. तेव्हापासून दोघांनी तोंडाला कुलूप लावलं आणि मधल्यामधे मी निरोप्या झाले.

लिंपणाऱ्यांतली एक आजीबाई बाबांना म्हणाली, नुसते बघत बसणार की बाह्या सारणार? बाबा म्हणाले, आमच्याकडे हे बायकांचं काम. मग तुमच्या बायकोने किती वर्षं केलं, असं तिने विचारलं. 

"तिच्या बोटांना भेगा पडायच्या," ते म्हणाले. "दर वर्षी. रक्त यायचं. तिला पुन्हा मातीत हात घालायला लागू नये, म्हणून मी सिमेंट घातलं."

फिनो, मी त्यांची मुलगी आणि मला हे परक्या गल्लीत, परक्या बाईला सांगताना कळलं. मला रडू आलं, सरळ सांगते.

आजीबाई म्हणाली, "आमच्या पुरुषांनीही मायेनेच घातलं होतं." मग तिने त्यांचा हात धरून सोललेल्या भिंतीवर ठेवला. खाली कच्च्या मातीच्या विटा भिजून चिखल झाल्या होत्या, तेवढ्या काढून नव्या घातल्या होत्या. छातीपासून वर भिंत कोरडी ठणठणीत होती. बाबांनी वरून खालपर्यंत ती चाचपली आणि बाह्या सारल्या. लिंपण त्यांना काही जमलं नाही. मारिसेलाने त्यांच्यापेक्षा सरस केलं आणि तसं सगळ्यांना ऐकवलंही.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, गाडी फिरव. मी भडकले. तिकडे तुझ्या मेहुण्याने, रॉयने, त्यांच्यासाठी खोली रिकामी करून रंगवली होती. मी नाही नाही ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माहीतगार माणसाने बघितल्याशिवाय पाडायचं नाही," ते म्हणाले.

मी विचारलं, कोण माहीतगार? मागून मारिसेला म्हणाली, "फिनोमामा. आणखी कोण?" बाबा नाही म्हणाले नाहीत. मी गाडी फिरवली.

तर आम्ही परत तोमेला आहोत. झोपायला फाकुंदोकडे जातो, घरात झोपू देत नाही मी त्यांना. ती भिंत वाचेल की नाही, मला कळत नाही. तू येऊन पाडा म्हणालास तर पाडू. तुझ्या तोंडून आलेलं ते ऐकतील असं मला पहिल्यांदाच वाटतंय.

आज सकाळी इकडे आले तर बाबा हातोडी घेऊन भिंतीशी. सिमेंट फोडायला घेतलेलं, तेही खालून, जिथे सगळ्यात जास्त फुगलंय तिथे. ओरडले, सगळी भिंत अंगावर घ्याल. त्यांनी हातोडी खाली ठेवली. या माणसाने जन्मात कोणाला रस्तासुद्धा विचारला नाही, माहीत आहे ना तुला? मला म्हणाले,

"मग सुरुवात कुठून करायची, ते विचार त्याला."

विचारते आहे.

भिंतीसमोर खुर्ची टाकून बसलेल्या बाबांची, आणि तुझी,
ताई