मागच्या खिडकीतून ऐकलेलं

३ मार्च
टाकी परत भरली. तळमजल्यावर देसाईबाईंच्या मोरीत उलटं पाणी, वास वर आमच्यापर्यंत. सकाळपासून जो येतो तो ह्यांना ऐकवून जातो. सेक्रेटरी म्हणजे काय सगळ्या बिल्डिंगचे नोकर? (बोलले नाही. इथेच लिहिते.)

६ मार्च
वॉर्ड ऑफिसची नोटीस. सेप्टिक टाकी बंद करून रस्त्याखालच्या गटारलाइनला जोडून घ्या. तोवर उपसा फक्त मशीनने, माणूस आत उतरवायचा नाही. हे भडकले. "जोडू कसं? रस्ता आत्ताच काँक्रीटचा केलाय. खोदायची परवानगी तेच देत नाहीत!" खरंय ते. खेटे घालून चपला झिजल्यात.

९ मार्च
मैला खेचायची गाडी आली नि तशीच गेली. आत यायला वाट नाही, दोन्हीकडे आपल्याच लोकांच्या गाड्या. हे घरोघर बेल मारत फिरले. कोणी हललं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे मेहता म्हणे, "सावंतसाहेब, संडे है ना." हे घामाघूम होऊन वर आले. जेवण नीट गेलं नाही.

११ मार्च
ह्यांनी कुठून तरी दोन माणसं आणली. मी मागच्या खिडकीत कपडे वाळत घालत होते. एक टेम्पोतून दोरी आणायला गेला. दुसरा, संतोष, झाकण सरकवून म्हणाला, "साहेब, गॅस असतो. थोडा वेळ उघडं राहू दे. दोरी पण येऊ दे."
हे म्हणाले, "किती थांबायचं? लोक माझ्या नावाने बोंबलतायत. उतर रे, काय नाय होत."
तो उतरला. मी चादर पिळत होते.
मग दोरीवाला परत आला आणि ओरडायला लागला. फायर ब्रिगेडने काढलं. पुढचं लिहवत…

१२ मार्च
संतोष गेला. ह्यांनी पोलिसांना सांगितलं, मी नुसतं बघायला सांगितलं, तो आपणहून उतरला.

१५ मार्च
चहा घेताना हे: "तू होतीस ना खिडकीत?"
"होते."
"मी 'बघ' म्हटलं होतं गं. 'उतर' नाही म्हटलं." नि माझ्याकडे बघत राहिले. चष्मा कुठे ठेवला विचारताना बघतात, तसे. हे खोटं बोलत असते तर बरं होतं. ह्यांना आता तसंच आठवतंय.

१८ मार्च
संतोषची बायको आली. रेखा. मूळची जालन्याची, राहते भांडुपला. वर ये म्हटलं तर जिन्यातच बसली. "मावशी, झाकण उघडल्यावर ते थांबायचेच. कोणी कितीही ओरडू दे. मला शब्द दिला होता. मग त्या दिवशी का नाही थांबले?"
मी चहा दिला. ती म्हणाली, "साहेब म्हणतात आपणहून उतरले. म्हणजे चूक त्यांचीच ना?"
मी रिकामा कप घ्यायला हात पुढे केला. 'राहू दे' म्हणेपर्यंत तिने खालच्या नळावर कप विसळून पायरीवर पालथा ठेवला होता.

२० मार्च
मनालीचा ठाण्याहून फोन. "आई, तू मध्ये पडू नकोस हां. बाबांचं बीपी माहितीये ना?" स्वतःच्या मुलीला काय सांगणार. हो म्हटलं.
सोसायटीची मीटिंग. दोन मिनिटं उभे राहिले सगळे. मग कोणीतरी विचारलं, "टाकी कधी उपसणार पण?"

२३ मार्च
आज सगळ्या गाड्या हलल्या. कोणाला सांगावंही लागलं नाही. मशीन आत आलं, चहा उकळेपर्यंत पाइप लागलासुद्धा. एवढंच होतं. मेहतांनी स्वतः उभं राहून गाड्या काढायला लावल्या. गाडी तशीच परत गेली तेव्हाही रविवारच होता की. ह्यांनी खिडकी लावून घेतली.

२६ मार्च
पोलीसबाई घरी आल्या. तरुण आहेत, मनालीएवढ्या. "मागची खिडकी तुमचीच ना, काकी? काही ऐकलंत?"
हे हॉलमध्येच बसून. आत जातील वाटलं, गेले नाहीत.
मी म्हटलं, "ऐकलं."
तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बंदोबस्ताला बोलावणं. "उद्या चौकीवर या, नीट लिहून घेते." गेल्या.
ह्यांनी उठून दार लावलं. कडी घालून म्हणाले, "उद्या मी येऊ बरोबर?"
कशासाठी, ते मी विचारलं नाही.