नंदिवर्धनची सासरची माणसं

नंदनवन, नागपूर
दि. ११ जून १९७८

चि. लतिका हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या आई-वडिलांची प्रकृती बरी आहे हे वाचून समाधान वाटलं. इथे ऊन अजून उतरलं नाही. कूलरचा पंप बिघडला आहे, पण दोघांसाठी कशाला म्हणून दुरुस्तीचं राहूनच गेलं. तुझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. सांगितलं तर ऐकत नाहीत.

तिकडे माहेरी पारशिवनीच्या शाळेत तुला नोकरी मिळते आहे, तेव्हा चारूला तिथेच पहिलीत घालू की नागपूरला आमच्याजवळ ठेवू, असं तू विचारलंस. खाली 'तुम्ही म्हणाल तसं' असंही लिहिलंस. त्याचं उत्तर द्यायचं आहे.

त्याआधी इथली एक हकिकत. आपला कृष्णकांत शिकवायचा त्या शाळेतले दोन शिक्षक घरी आले होते. त्याची इतिहासाची पुस्तकं शाळेला हवी होती, ती दिली. त्यातले एक म्हणाले, "सर वाकाटकांचा धडा घेत तेव्हा बाजूच्या वर्गातली पोरं खिडकीशी येऊन उभी राहत." तो धडा आपल्या घरी जेवताना कितीदा झाला. तू वाढत असायचीस, अर्धाच ऐकला असशील.

तो विचारायचा, इथल्या वाकाटकांचं राज्य एवढं मोठं काहून झालं? मी म्हणायचो, काळी जमीन, तलाव, उत्तरेकडून दक्षिणेत जाणारा रस्ता. तो हसायचा. "बाबा, जमीन आधी बी होती, रस्ता आधी बी होता. मंग तेव्हाच काहून?" मी म्हणायचो, गुप्त सम्राटाची पोरगी सून करून आणली म्हणून. "अर्धे मार्क," तो म्हणायचा.

उरलेले अर्धे असे. राजा रुद्रसेन लवकर गेला. राणी प्रभावतीच्या पदरात लहान मुलं. अशा वेळी घरातलेच वाटे पाडतात आणि राज्य मोडतं. इथे मोडलं नाही. नंदिवर्धनला, म्हणजे आपल्या रामटेकजवळच्या नगरधनला बसून तिने मुलाच्या नावाने कारभार केला. माहेरची मदत घेतली. ताम्रपटात तर आधी आपल्या बापाचंच घराणं लिहवलं.

हे ऐकून तुझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "अन् सासरचे काय करून राहिले होते?"

"चूप बसले होते, माय. तेच त्याइचं मोठं काम."

"तू बसून दाखव एखाद दिवस चूप! जेव आता, भाजी थंडी होऊन राहिली."

सगळे हसलो होतो. काही न समजता चारूही हसली होती.

त्याचं म्हणणं बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही. मी जन्मभर कचेरीत कारकुनी केली. पण पुस्तकं देण्याआधी चाळून पाहिली. राणीचा मोठा मुलगा दिवाकरसेन राजा झाल्याचं कुठे सापडत नाही, असं त्यात आहे. म्हणजे तोही गेला असावा. कृष्णाने हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. नवरा गेला, मोठा मुलगा गेला, आणि ती धाकट्यांसाठी काम करत राहिली. मी पुस्तक मिटलं. पुढचं वाचवलं नाही.

काल तुला पत्र लिहायला बसलो असताना माझे थोरले भाऊ, भैयाजी आले. पाकीट ओढून त्यावरचं तुझं नाव वाचलं.

"सौ. काढला, ठीक केलं. पण गं. भा. लिही ना गा रुपराव. विधवा बाईले तसंच लिहितात."

"नाही लिहीत."

"नुसतंच नाव? लोक काय म्हणतीन?"

"पोस्टमन वाचीन. त्याले काय करायचं आहे?"

ते रागावले. जाताना म्हणाले, "निदान पोरीले तरी घेऊन ये. आपल्या घरचं लेकरू आहे. सून राहो तिच्या बापाकडे."

लतिका, तुला खरं सांगतो. मी तेच लिहायला बसलो होतो. चारू आमच्याजवळ राहू दे, तू वाटेल तेव्हा येत जा, असं. दोन ओळी झाल्याही होत्या. ती रुसली की कृष्णासारखीच मान तिरपी करते. दुपारी फाटक वाजलं की तुझ्या सासूबाई झोपेतून उठून दारात जातात. आम्हाला आता दुसरं काय आहे?

तो कागद मी फाडला.

चारूचं नाव तिथेच घाल. उशीर करू नकोस. पालक म्हणून माझं नाही, तुझं नाव दे. कोणी आडवं आलं तर सांग, सासऱ्याचं सांगणं आहे. तिला घ्यायला इकडून कोणीही येणार नाही, भैयाजीही नाहीत. तेवढं मी बघतो.

तुझ्या सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही. पत्र पेटीत टाकून आल्यावर सांगेन. आधी सांगितलं तर त्या रडतील, आणि मग माझ्याच्याने ते टाकवणार नाही. आता उठतो, टपाल निघायची वेळ झाली आहे.

चारूला पोटाशी धरून माझा आशीर्वाद सांग.

कृष्णाचा बाप,
रुपराव