मुठीवरचा नेम

नंदगड, ता. खानापूर
११ डिसेंबर

ती. सौ. आक्का,

धाकट्याचा नमस्कार. मायना काय लिहायचा ते आईला विचारलं, तर म्हणाली, साष्टांग लिही आणि कशी आहेस ते विचार. साष्टांग घातला असं समज. कशी आहेस ते मात्र विचारत नाही. तू 'बरी आहे' म्हणणार, आणि ते ऐकायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

इकडचं सगळं ठीक. भाताची मळणी उरकली. थंडीनं आईचा गुडघा धरलाय, पण ती ऐकते थोडीच, सकाळी उठून शेण काढायला हजर. तू लहानाची मोठी केलेली म्हैस व्याली. रेडी झाली. आप्पा दोन दिवस गावभर रेडीचंच सांगत होते, नातू झाल्यासारखं. मीही इथंच आहे. निपाणी सोडली, तिच्याबरोबर ट्रॅक्टरच्या शोरूममधली नोकरीही गेली. मालकांचा फोन आला होता, उचलला नाही.

पत्र तुमच्या शेजारच्या मालुबाईंच्या नावानं टाकतोय. तुझा फोन दाजींनी भिंतीवर आपटून फोडला, ते मला कळलंय. दुपारी मालुबाई विड्या वळायला बसतात तेव्हा तू त्यांच्या पायरीवर येतेस. तिथंच वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल.

दाजींचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे आणि तू त्यांना घास भरवतेस, असं मालुबाई म्हणाल्या. गाडी घसरली असं त्यांनी घरात सांगितलंय म्हणे. तू न्हाणीत घसरतेस, तुझा नवरा गाडीवरून घसरतो. तुमच्या घरात घसरणं फार झालंय. असो. त्यावर येतोच, पण आधी त्या खेळाचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

निपाणीत नवा होतो तेव्हा संध्याकाळ खायला उठायची. दाजीच म्हणाले, चल, आणि स्टँडमागच्या भरमूअण्णांच्या पूल पार्लरमध्ये घेऊन गेले. तू कधी आत आली नाहीस म्हणून सांगतो. झेरॉक्सच्या दुकानावर एक लांबडी खोली, हिरव्या कापडाची दोन टेबलं, टेबलाला सहा भोकं. काठीनं पांढरा बॉल मारायचा, पांढऱ्यानं आपापले बॉल भोकात घालायचे, काळा सगळ्यात शेवटी. काळा घालील तो जिंकला. बघायला सोपं वाटतं आणि काठी हातात घेतली की घाम फुटतो.

शोरूमची पोरं तिथं यायची. त्यांच्याशी खेळून मी जन्मभर आहे तिथंच राहिलो असतो. दाजींशी खेळायला मात्र सगळे टाळायचे. एक तर त्यांच्या तोडीचा तिथं कुणी नव्हता, आणि दुसरं म्हणजे त्यांची पैज. पैशाची नव्हे. गोट्यांची.

आपण अंगणात गोट्या खेळायचो. हरला त्यानं जमिनीवर मूठ मांडायची आणि जिंकला त्यानं गोटीनं बोटांच्या पेरांवर नेम मारायचा. तुझ्यासारखा नेम गावात कुणाचा नव्हता. मला रडेपर्यंत मारायचीस आणि मग माझी मूठ दोन्ही हातांत घेऊन फुंकर घालायचीस. दाजींनी तोच नियम टेबलावर आणला होता. हरला त्यानं काठी धरायचा हात मुठीसकट टेबलाच्या कडेशी मांडायचा, जिंकला त्यानं पांढरा मारायचा. भरमूअण्णांच्या अटी दोनच. फटका एकच, आणि पांढरा थेट मारायचा नाही, समोरच्या कडेला आपटून मग मुठीवर यायला हवा. म्हणजे जोर मरतो. जोर मरतो म्हणजे हाड वाचतं, एवढंच.

पहिल्याच संध्याकाळी माझी मूठ पुरीसारखी फुगली. दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये डाव्या हातानं जेवलो. दाजींना सांगितलं तर म्हणाले, "बरोबरीच्या पोरांसंगं खेळून कोन शिकलंय? आपल्यापरीस भारी मानसाचा मार खायाचा. दुकलं की डोकं चालतंय."

आणि मला ते पटलं, आक्का. मला तो माणूस आवडायला लागला होता. जवळ बसून शिकवायचे. हनुवटी काठीला लाव, श्वास सोड, मग मार. आपला बॉल भोकात गेला म्हणून नाचू नको, मारल्यावर पांढरा कुठं जाऊन थांबतोय ते बघ, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. शिकवायचे आणि हरवायचे, आणि मी मूठ मांडायचो. पावसाळा संपेपर्यंत माझ्या पेरांवरची कातडी कधी धड नव्हती. पण खेळ सुधारला. कडेला आपटून बॉल कसा वळतो ते मी दुसऱ्या कुणाकडून शिकलो नाही, माझ्या मुठीवर येणाऱ्या पांढऱ्याकडे बघून शिकलो.

गणपतीच्या आधी मी त्यांना पहिल्यांदा हरवलं. दाजींनी हसत मूठ मांडली. मी मारलं. त्यांनी हात झटकला, माझ्या पाठीवर थाप मारली, सगळ्यांना चहा सांगितला आणि घरी गेले. मी जिन्यातूनच तुला फोन लावला. तू म्हणालीस, "शाब्बास रं बाळा." मला आकाश ठेंगणं झालं.

मग मी पुन्हा जिंकलो आणि पुन्हा फोन केला. दर वेळी करायचो, निकाल लागल्यासारखा. एकदा तू शाब्बास म्हणायला वेळ लावलास. मी चिडवलं, नवरा हरला म्हणून राग आला की काय. तू म्हणालीस, दात दुखतोय.

दसऱ्यानंतर मालुबाईंनी मला बोळात अडवलं. मांडीवर सूप तसंच होतं, तंबाखूचा हात पदराला पुसत म्हणाल्या, "युवराज, त्यो खेळ सोड बाबा. तू जितलास त्या दिशी भिताडापल्याड आमास्नी झोप न्हाय."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, म्हणजे? त्या पुन्हा विडी वळायला लागल्या. मग कळलं. पांढरा कुठं जातो ते बघायला शिकलो होतो ना मी, टेबलावरच्या प्रत्येक बॉलचं गणित मला येत होतं. हरलेला माणूस हसून चहा पाजून जिना उतरतो तो कुठं जातो, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. तुझा सुजलेला ओठ, ते लांब बाह्यांचे ब्लाऊज, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. तू फोन उचलत होतीस ते मार खायच्या आधी, आणि कसला मार येणार आहे ते माझ्या तोंडून ऐकून शाब्बास म्हणत होतीस. का म्हणालीस आक्का? एकदा तरी शिवी हासडायची होतीस.

मग मी हरायला लागलो. मुद्दाम. मूठ मांडायचो आणि मनात म्हणायचो, हा एक तुझ्यावरचा वाचला. ते काही दिवस मला खरंच वाटलं की मी काहीतरी करतोय. पण ज्यानं शिकवलं त्याला फसवणं सोपं नसतं. एका संध्याकाळी काळा अगदी भोकाच्या तोंडाशी होता, फुंकला असता तरी गेला असता, आणि मी चुकवला. दाजींनी काठी खाली ठेवली.

"दया करतोस व्हय रं माज्यावर?" ते म्हणाले. "तुज्या आक्कानं शिकवलं न्हवं?"

पुढचं तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. त्या संध्याकाळी फोन भिंतीवर गेला आणि तू फोनच्या मागोमाग. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो, तर तू दार अर्धंच उघडलंस. कानावरून पदर गच्च ओढलेला. तुला आक्का म्हणून हाक मारली, ती तू ऐकलीच नाहीस. डावा कान माझ्याकडे करून मग म्हणालीस, न्हाणीत घसरले, जेवून जा. मी जेवलो नाही. जिंकलो तर तुला मार, हरलो तर तुला मार. माझ्यापुढं तिसरी वाट होती, तुला हाताला धरून तिथल्या तिथं बाहेर काढायचं. ते मी केलं नाही. मी संध्याकाळची वाट बघत बसलो.

मी गेलो तेव्हा दाजी टेबलाशीच होते. त्या दिवशी खेळलो तसा मी आयुष्यात खेळलो नाही. दाजींना दोनदाच काठी लावता आली. काळा गेला तसे ते हसले, बाही वर सारली आणि मूठ मांडली. "मार मेव्हण्या. बघू तर, बहिनीचा भाऊ."

पांढरा समोरच्या कडेवर जायला हवा होता. मी काठी वळवली आणि थेट मारला. सगळं बळ लावून. हाड मोडल्याचा आवाज बॉलच्या आवाजापेक्षा वेगळा असतो, बारीक असतो. त्यांनी हात मागं घ्यायच्या आत मी दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट कडेवर दाबलं, काठी उलटी केली आणि जाड टोकानं मारत सुटलो. त्या बोटांवर, त्याच पेरांवर. हिरवं कापड काळं दिसायला लागलं तरी मारत होतो. भरमूअण्णा मागून कंबर धरून ओढत होते. "साकु, साकु रं, पुरे की," असं काहीतरी कानडी-मराठीत ओरडत होते. काठी मोडली तेव्हा मी थांबलो. नाहीतर थांबलो नसतो.

दाजी ओरडले नाहीत. खाली बसून हात पोटाशी धरून माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्या बघण्यात. ओळखीचं माणूस भेटल्यासारखे बघत होते.

खरं तर हे सोडून सगळं लिहायचं ठरवलं होतं. आप्पांना सांगितलं तेच लिहिणार होतो, रागाच्या भरात झालं, तुझ्यासाठी झालं. पहिल्या फटक्यापुरतं ते खरं आहे. पुढचे फटके मी तुझ्यासाठी मारले नाहीत. तू तेव्हा माझ्या डोक्यातच नव्हतीस. मला बरं वाटत होतं, आक्का. अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं हलकं वाटत होतं. घरी येऊन तुझ्यावर हात टाकला की दाजींनाही असंच हलकं वाटत असणार. त्यांच्याकडून मी खेळ शिकलो असं समजत होतो.

त्यांनी फिर्याद दिली नाही. मेव्हण्यानं खेळात हरवून हात फोडला, हे निपाणीत सांगण्यापेक्षा गाडी घसरलेली परवडली. त्यांचा भाऊ एकदा इथं येऊन माझी चौकशी करून गेला. आप्पांनी त्याला पाणीही विचारलं नाही.

आईला मी सगळं सांगितलंय. तुला ठाऊकच आहे तिचं, भांड्याला भांडं लागतंच, नांदायला दिलीय, वगैरे. या वेळी ती उठली. आतल्या खोलीत भाताची पोती रचली होती, ती तिनं आप्पांना बाहेर काढायला लावली. दवात भिजतील, चोरीला जातील, आप्पा कुरकुरत होते. जाऊ देत म्हणाली. खोली सारवली आणि तुझी चटई उन्हात टाकली.

तेव्हा ये. संक्रांतीला दाजींचं प्लास्टर निघेल, त्याच्या आत ये. मालुबाई म्हणतात, सध्या घरात शांत आहे, डाव्या हातानं त्यांना धड कप धरता येत नाही. त्या शांततेवर जाऊ नकोस. हात शिकतो आक्का. माझा शिकला की.

कान दाखवायला बेळगावला जाते म्हणून नीघ. ते खोटंही नाही. मालुबाई तुझ्यासोबत गाडीत बसतील, मी त्यांच्याशी बोललोय. बेळगावच्या स्टँडवर आप्पा असतील, आधी कान दाखवून मग घरी. मी निपाणीला येत नाही. दाजींच्या भावाला भिऊन नव्हे. पुन्हा त्या जिन्यावर पाय पडला तर माझ्या हाताचं काय होईल ते मला सांगता येत नाही.

आणि हे वाचून तुला माझीच भीती वाटली, तर तीही मनात ठेवून बरी आहे म्हणू नकोस. आप्पांना सांग. तू घरात पाऊल टाकायच्या आधी मी अनगोळला अक्काताईआत्याकडे राहायला जाईन, तू बोलावशील तेव्हाच येईन.

गोट्यांचा नियम तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. हरतो त्यानं मूठ मांडायची. जिंकलो म्हणून मी तुला फोन करायचो, ते सगळे डाव मी हरलेलो होतो आणि माझ्या जागी मूठ तू मांडत होतीस. आता ती मी मांडतो. तुझा नेम अजून तसाच असेल. थेट मार, कडेला आपटून नको. फुंकर मागणार नाही.

मूठ मांडून दारात बसलेला,
तुझा धाकटा,
युवराज