बाभळीपासूनचा रनअप

१२ ऑक्टोबर १९९७, रविवार

काल दसरा, आज मॅट. आमच्या नवयुग क्लबचा सीझन असाच सुरू होतो. गोदामातून काथ्याच्या मॅटची गुंडाळी काढायची, चौघांनी खांद्यावर घ्यायची आणि अंत्ययात्रेसारखी ग्राउंडवर न्यायची!

दरवर्षीप्रमाणे गुंडाळीचं बाहेरचं टोक उंदरांनी कुरतडलेलं. गोरक्षने कात्रीने वीतभर पट्टी उडवली आणि कांद्याच्या गोण्या शिवायच्या दाभणाने कड शिवून टाकली. गोरक्ष ग्राउंडही सांभाळतो आणि विकेटकीपिंगही करतो, कारण माझे बॉल अडवायला दुसरं कोणी उभं राहत नाही. म्हणाला, "यंदा लय खाल्लं भाऊ. उंदीर बी आता फास्ट बॉलर झाले." मी पांढऱ्या रंगाने नवी क्रीज मारली. वाकडी आली. आमचे कोच कोंडाजी सर म्हणाले, "बॉल बरोबर जागेवर पडतो तुझा, रेघेला काय होतं रे?" मग स्टंपसाठी नवी भोकं पाडली, नारळ फोडला, खोबरं मी सगळ्यात जास्त खाल्लं.

पहिला बॉल मान म्हणून मीच टाकतो. पाटाच्या कडेला जी बाभूळ आहे, तिला हात लावून निघायचं. पोरं ओरडतात – "पंजाब मेल आली, फाटक लावा!" मी ऐकू न आल्यासारखं करतो. फार कष्ट पडतात त्याला.

१९ ऑक्टोबर

येवल्याच्या टीमशी मॅच. सात विकेट!! त्यांचा कॅप्टन पॅड सोडताना म्हणाला, "तुमच्या विकेटवर बॉल लय लवकर येतो राव. बॅट उचलंस्तोवर दांड्या गेल्या."

घरी येऊन हे वाक्य संध्याला तीनदा ऐकवलं. धाकटी बहीण असून तिला भावाचा अभिमान म्हणून नाही. म्हणे, "तो विकेटबद्दल बोलला, तुझ्याबद्दल नाही."

४ नोव्हेंबर

पुण्याहून सरांना फोन. राज्याच्या बावीस वर्षांखालच्या टीमसाठी ट्रायल. मला बोलावलंय! मला!! यंदा आणि पुढचं वर्ष, मग माझं वय संपतं. बाबांना सांगितलं. बाबा पाटबंधारे खात्यात क्लार्क. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "जोरात टाकला तर जास्त देतात का?"

पण रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी माझे बूट पॉलिश केलेले दिसले. स्पाइकचे बूट! काळं पॉलिश! पांढऱ्या बुटांना! धुवायला मन होईना.

९ नोव्हेंबर, पुणे

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

हिरवंगार ग्राउंड, खरीखुरी मातीची विकेट. मी पहिल्यांदाच अशा विकेटवर. काळपट बूट घालून धावत आलो. बॉल गेला जोरात – बॅट्समन दचकला, निवड समितीतले टोपीवाले सर खुर्चीत पुढे सरकले. मनात म्हटलं, झालं काम. त्यानंतर बॅट्समनला कळलं की हा पोरगा बॉल आखूडच आपटतो. मग त्याने मला जे हाणलं! पुल, पुल, पुन्हा पुल. मिडविकेटच्या मागे एक कुत्रं झोपलं होतं, ते शेवटी उठून दुसरीकडे गेलं.

"पुढे टाक! पुढे!" सगळे ओरडत होते. पुढे टाकायला गेलो तर फुलटॉस. त्यालाही चौकार. मॅटवर डोळे मिटून टप्पा सापडतो, इथे डोळे फाडून सापडेना.

शेवटी टोपीवाले सर मला विकेटवर घेऊन गेले. माती ओलसर होती, बॉलचे ठसे उठले होते. "बघ. सगळे एकाच ताटलीएवढ्या जागेत. पण ताटली चुकीच्या ठिकाणी मांडलीस की नाही?" लोक हसले. मीही हसलो. न हसून सांगतो कोणाला.

१० नोव्हेंबर

एसटीत पूर्ण वेळ खिडकीबाहेर पाहत आलो. सिन्नरला भजी घेतली, खाववेनात. ती शेजारच्या आजोबांनी खाल्ली.

कोंडाजी सर स्टँडवर आलेच होते. टोपीवाल्या सरांनी त्यांना फोनवर सांगितलं होतं – वेग आहे, टप्पा नाही. पुढच्या सप्टेंबरला पुन्हा बोलावू, टप्पा घेऊन पाठवा. जणू मी दिंडोरीला द्राक्षं आणायला जातोय!

मी सरांना म्हटलं, "सर, आपल्या मॅटवर तर पडतो टप्पा."

सर म्हणाले, "घरी सगळ्यांचाच पडतो रे. बाहेर गेलास की घाबरतोस तू."

हे मला पटलं. म्हणून जास्त लागलं.

२३ नोव्हेंबर

आजपासून अर्धा रनअप. बाभूळ बंद! सरांनी मध्येच एक वीट ठेवली, तिथून निघायचं. "आधी टप्पा, वेग नंतर. टप्पा पक्का झाला की वेग आपोआप परत येतो."

चहाच्या टपरीवर यावरून वाद. एक पार्टी म्हणते, आपल्याकडचे सगळे असेच – सुरुवातीला वारा, दोन वर्षांत झुळूक. शिकवणारेच वेग काढून घेतात. दुसरी पार्टी म्हणते, नुसत्या वेगाने काय होतं, बॉल स्टंपात नको का पडायला? दोन्ही पार्ट्या माझ्या पैशाने चहा पीत होत्या.

संध्याला सांगितलं. ती म्हणाली, "वेग काय बँकेत ठेवलायस? पाहिजे तेव्हा काढायला?"

हिला कॉमर्सला घातलं ही चूक झाली.

१४ डिसेंबर

सरांनी मॅटवर स्वतःचा रुमाल अंथरला. त्याच्यावर बॉल टाकायचा. थंडीने बोटं आखडलेली, नाक गळतंय, तरी रुमालावर, पुन्हा रुमालावर. गोरक्ष आता स्टंपांना चिकटून उभा राहतो, एक हात खिशात घालून. "आता बरं पडतं भाऊ. पहिलं छातीत बॉल बसायचा, जेवण जात नव्हतं."

चांगलं म्हणूनच म्हणाला तो. मला वाईट का वाटलं मग?

११ जानेवारी १९९८

रुमाल फाटला. सरांच्या बायकोने निरोप पाठवला – पुढचा रुमाल स्वतःचा आणावा.

८ मार्च, जळगाव

सिमेंटवर मॅच. अर्धा रनअप, जपून, मोजून-मापून, शहाण्यासारखा – आणि तरी आखूड! पुन्हा तेच! पुल, पुल. दुपारी ऊन असं की सिमेंटवर पापड भाजावेत. समोरचे बॅट्समन मलाच भाजत होते.

घरी रुमालावर, बाहेर आखूड. आता सरांना शंका राहिली नाही आणि मलाही. जिगर नाही आपल्यात. कॉलनीतली पोरं मला वाघ म्हणतात. वाघच, पण सर्कशीतला. तंबूबाहेर काढला की गवत बघूनच बसतो.

१२ एप्रिल

पोरांनी नाव बदललं. पंजाब मेल रद्द. आता मी भुसावळ पॅसेंजर. प्रत्येक स्टेशनवर थांबते, पण पोचते म्हणे!

सुट्टी होती म्हणून एकटाच ग्राउंडवर गेलो. कोणी नव्हतं. बाभळीला हात लावला आणि धावत आलो, जुना मी. बॉल टाकला. दिसतोय तसाच, पण आवाज गेला. पूर्वी मॅटवर आपटला की फटाका वाजायचा. आता टाळी. पुन्हा टाकला. पुन्हा टाळी. खांदा विसरलाय की काय?

बँकेत नव्हताच ठेवलेला. संध्याला सांगणार नाही.

२८ जून

पाऊस. मॅट गोदामात. उंदरांची दिवाळी.

६ सप्टेंबर, पुणे

शेवटची ट्रायल. यंदा बूट बाबांनी पांढरे केले, शिवाय एक रुमाल दिला. "टप्प्याला लागतो ना." कुठून कळलं त्यांना?

विटेवरून निघावं तसा निघालो. हात सरळ, डोकं स्थिर, सगळं सरांनी शिकवलं तसं. बॉल पडला – आखूड. पुढचाही. तसाच. तिथेच! मी घाबरलोय का हे आतून चाचपून पाहिलं. पाय थरथरत नव्हते. घसा ओला होता. तरी आखूड. म्हणजे मी इतका घाबरट आहे की माझं मलाही कळत नाही!

बॅट्समनने या वेळी घाई केली नाही. मागे सरकून, निवडून, हव्या त्या जागी मारलं. गेल्या वर्षी निदान एकदा तरी दचकला होता.

टोपीवाले सर जवळ आले. मला ओळखून त्यांचा चेहरा उतरला. "अरे, नाशिकचा तो जोरात टाकणारा मुलगा तूच ना? त्याचं काय केलंत तुम्ही लोकांनी?"

काय सांगू. विटेवर ठेवलाय म्हणू?

७ सप्टेंबर

यादीत नाव नाही. बाबा एवढंच म्हणाले, "बूट नीट ठेव. बूट चांगले आहेत."

मोरीत नळ सोडून रडलो. संध्या बाहेरून म्हणाली, "पाणी जातंय रे." मग थोड्या वेळाने – "जाऊ दे. सोड अजून थोडं."

२७ सप्टेंबर

बाबांच्या ओळखीने दिंडोरीला काम मिळालं. द्राक्षाच्या शीतगृहात, माल आत-बाहेर लिहून घ्यायचा. दसरा झाला की रुजू. गार जागा आहे. पॅसेंजरला शेड मिळाली.

क्लबला तिथलेच एक बागायतदार नवं मॅट देणार आहेत. पूर्वी नवयुगकडून खेळायचे. सर म्हणाले, अंथरायला तरी ये. जाईन. मनात काही नाही. सरांचा राग नाही. त्यांनी टप्पा मागितला, मी वेग देऊन बसलो, आणि टप्पा तरी हाती आलाच नाही. दोष त्यांचा कसा? भित्र्याला कोणी काय शिकवावं. पंचवीस वर्षांनी ही वही सापडली तर मला हसू यावं म्हणून स्पष्ट लिहून ठेवतो – मी घाबरलो. दोन्ही वेळा. बाकी सगळ्या सबबी.

१ ऑक्टोबर १९९८, दसरा

नवं मॅट अंथरलं. आपल्या स्टंपांच्या पलीकडे चांगलं दोन पावलं उरलं!

सगळे म्हणाले, दुकानदाराने माप चुकवलं. गोरक्षने कात्री काढलीसुद्धा. "जास्तीचं उडवून टाकू, क्रीज बराबर होईल." तेवढ्यात सर म्हणाले, थांब जरा. फीत आणवली. मॅट मोजलं. मॅट बरोबर होतं. मग जुन्या भोकापासून जुन्या भोकापर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. बावीस यार्डांना दोन पावलं कमी. सर मुरमावर खाली बसले, फीत हातात तशीच.

दरवर्षी वीतभर. मी क्लबात यायच्या आधीपासून. उंदीर, कात्री, दाभण आणि नंतर माझ्या हातची वाकडी क्रीज.

म्हणजे बॉल आखूड नव्हता. आमची विकेट आखूड होती. पुण्याला, जळगावला, प्रत्येक बॉल मी आमच्या मॅटवरच्या अगदी बरोबर जागेवर टाकत होतो, तिथले स्टंपच दोन पावलं लांब होते.

मी घाबरलो नव्हतो!

गोरक्षच्या हातातली कात्री काढून घेतली. डोळे वाहत होते, वाहू दिले. वीट उचलून पाटात फेकली, बॉल घेतला आणि बाभळीपर्यंत चालत गेलो.